मानेला पट्टा की हालचाल, फोमची उशी की कापसाची?

इंदूरच्या पलासिया सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून धक्का बसला, की त्या क्षणी माणूस आधी बंपर बघतो, मान नाही. दुखणं सुरू होतं संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी. मान आखडते, डोक्याच्या मागे ठणका लागतो आणि रात्री कूस बदलताना हमखास जाग येते. मग रामबागेतल्या काकूंपासून ऑफिसातल्या शर्माजींपर्यंत प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार असतो.

उपाय निवडण्याआधी एक गाळणी लावा. हातापायांना मुंग्या, पकड ढिली, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा नसणं, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, किंवा मान कुठल्याही एका बाजूला 45 अंशही वळत नाही, यांतलं काहीही असेल किंवा वय 65 किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढचं वाचत बसू नका. एम. वाय. हे इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही रुग्णालय गाठा. बाकीच्यांचा एक्स-रे बहुधा साफ येतो, कारण मार स्नायूंना आणि हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटना बसलेला असतो. रिपोर्ट साफ म्हणजे दुखणं खोटं, असं घरच्यांनी धरू नये.

पट्टा लावला की बरं वाटतं, यात शंका नाही. शिवाय भेटायला येणाऱ्यांना काहीतरी झालंय हे दिसतं, हाही फायदाच. पण मान धरून ठेवायचं काम पट्ट्याने घेतलं की स्नायू सुस्तावतात आणि मान जास्तच धरते. अशा मानेच्या दुखापतींचा अभ्यास करणाऱ्या कॅनडातल्या क्वेबेकच्या तज्ज्ञगटाने 1995 मध्येच पट्ट्यापेक्षा लवकर हालचालीच्या बाजूने कौल दिला होता. हाड मोडलं असेल किंवा डॉक्टरांनी बजावून सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी माझं मत हालचालीला. खुर्चीत ताठ बसा, खांदे सैल सोडा, हनुवटी सावकाश उजव्या खांद्याकडे न्या, ओढ लागली की थांबा, परत मधे या, मग डावीकडे. पाच-पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. दुखेपर्यंत ताणायचं नाही.

उशीवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. महागडी फोमची उशी आकार धरून ठेवते हे खरं, पण तिची उंची तुमच्या खांद्याला बसेलच असं नाही, आणि इंदूरच्या मे महिन्यात ती तापते. कापसाच्या उशीची उंची घरीच बदलता येते. एका टोकाची शिवण उसवा, मूठभर कापूस काढा, एक रात्र झोपून बघा, लागलं तर पुन्हा काढा. कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मधोमध सरळ रेषेत आलं की उंची जमली. पाठीवर झोपणाऱ्यांनी अभ्र्यात मानेखाली छोटा टॉवेल गुंडाळून ठेवावा. पोटावर झोपायची सवय मात्र सोडावीच लागेल, त्यात मान रात्रभर एका अंगाला पिळलेली राहते. कापूस दबून गाठी झाल्या की पिंजाऱ्याकडे द्यायची, हा त्रास आहे खरा. तरी आधी हीच करून पाहा, फोमची नंतरही घेता येईल.

शेक की बर्फ? पहिले एक-दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून, मग शेक. कशाने बरं वाटतं ते ठरवणारे तुम्हीच. गोळ्यांत पॅरासिटामॉल पोटाला सोसते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अ‍ॅसिडिटी, किडनी किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांपैकी बऱ्याच गुंगी आणतात, त्या घेऊन स्कूटर काढू नका.

काकूंनी हलक्या हाताने तेल चोळलं तर चोळू द्या. पण सलूनमध्ये कटिंगनंतर झटका देऊन मान 'कट्' वाजवणाऱ्या कारागिराला हात लावू देऊ नका. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो. तेच पैसे फिजिओथेरपिस्टला द्या.

झोपेसाठी गोळी आणि शिस्त यांत मी शिस्तीकडे झुकते. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, संध्याकाळनंतर चहा नको, आणि तळमळत पडण्यापेक्षा उठून जरा दुसऱ्या खोलीत बसावं. धडकेची स्वप्नं महिन्यानंतरही पडत असतील, तर तो उशीचा प्रश्न नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

बऱ्याच जणांची मान तीनेक महिन्यांत सुटते, काहींची रेंगाळते. तोवर कार की स्कूटर, असं विचाराल तर मान मागे वळवून रस्ता बघता येईपर्यंत दोन्ही नको, हेल्मेटचं वजन तर नकोच. पुन्हा कार चालवायला लागाल तेव्हा सीटचा हेडरेस्ट डोक्याच्या वरच्या टोकाइतका उंच करा आणि डोक्याच्या जितका जवळ येईल तितका आणा. बहुतेक गाड्यांत तो शोरूममधून आला तसाच खाली दाबलेला असतो.