विलीज जीपच्या रॉस स्टिअरिंग बॉक्सचा रिपेअर किट: काय मिळतं, काय नाही

वर्म (स्टिअरिंगबरोबर फिरणारा, सर्पिल खाच असलेला भाग) ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचे छर्रे आणि कप, सेक्टर शाफ्टचे (ज्याच्या पिना वर्मच्या खाचेत बसतात आणि जो चाकं वळवतो, तो दांडा) दोन बुश म्हणजे आधाराच्या नळ्या, ऑइल सील, शिम (पातळ चकत्या) आणि गॅस्केट एवढं या किटमध्ये येतं. सील आणि शिम उत्तम आहेत. सेक्टर शाफ्ट मात्र वेगळाच घ्यावा लागतो, आणि खरी झीज तिथेच असते: त्याच्या दोन निमुळत्या पिनांवर सपाट डाग पडले असतील तर नुसते बुश बदलून प्ले (ढिलेपणा) जाणार नाही.

मागवण्याआधी शाफ्ट मोजा. ७/८ आणि १५/१६ इंच अशी दोन मापं आहेत. नवे बुश दाबून बसवल्यावर दोन्ही एका रेषेत रीम करून (आतून तासून) घ्या, नाहीतर शाफ्ट अडकतो.

ॲडजस्टमेंटचा क्रम चुकवू नका. ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) सोडून आधी शिमने वर्मचा प्ले काढा, मगच बाजूचा, पिनांचा प्ले काढणारा स्क्रू आवळा, तोही स्टिअरिंग मध्यभागी, म्हणजे चाकं सरळ असतानाच्या जागी ठेवून. वर्मची खाच मध्यभागी मुद्दाम अरुंद असते. वळलेल्या स्थितीत प्ले काढलात तर मध्ये येताच बॉक्स जाम होतो आणि पिना खरवडल्या जातात.

आत गिअर ऑइलच हवं. घट्ट ग्रीस बाजूला सरकतं, परत येत नाही आणि वर्म कोरडा पडतो. पिना शाबूत असतील तर किट जरूर घ्या.