टोकन एजंटाच्या ड्रॉवरमध्ये, बयाणा आपला

‘भाऊ, टोकन आठेच राहू दे.’ जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नव्या ठेकेदाराला गंडवण्याची सुरुवात बहुधा या वाक्याने होते. गटार, पेव्हर ब्लॉक, सभामंडप अशी जिल्हा परिषदेची, पंचायतीची कामं घ्यायची तर निविदा ऑनलाइन भरावी लागते, आणि ती भरून देणाऱ्या एजंटाच्या ड्रॉवरमध्ये ठेकेदारांच्या डिजिटल सहीची टोकनं, म्हणजे पेनड्राइव्हसारखी उपकरणं, ढिगाने पडलेली असतात. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेला पिन. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळाचा पासवर्ड त्याच्याच वहीत.

पहिला डाव ‘सपोर्ट’चा. पहिल्या फेरीत तीन निविदा आल्या नाहीत तर बहुतेक ठिकाणी मुदतवाढ होते. म्हणून ठरलेल्या माणसाला काम मिळावं यासाठी तुमच्या नावाने मुद्दाम चढा दर टाकतात. तुम्हाला पत्ताही नसतो. पण तिन्ही निविदा एकाच संगणकावरून गेल्या की आयपी पत्ता सारखा निघतो, आणि संगनमत स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 मध्ये बसतं. ‘मी भरलीच नव्हती’ हे सांगून सुटणं अवघड, कारण सही तुमची. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 42 सहीची किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी सही ज्याच्या नावावर त्याच्यावरच टाकतं.

दुसरा डाव जास्त कसबी. कागद सगळे अपलोड होतात, पण शेवटचं ‘फ्रीझ बिड सबमिशन’ बटण दाबलंच जात नाही. मग ती निविदा भरल्यात जमा होत नाही. किंवा मुदत संपायच्या आत ती मागे घेतली जाते, आणि एकदा मागे घेतलेली त्याच कामासाठी पुन्हा भरता येत नाही. टक्केवारीच्या दरपत्रकात ‘लेस’ (कमी) ऐवजी ‘एक्सेस’ (जास्त) निवडलं की 10 लाखांच्या कामाला 12 टक्के कमी म्हणजे 8.80 लाख जायचे, तिथे 11.20 लाख जातात. विचारलं तर ‘नजरचूक झाली’.

बयाण्याचं, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामत रकमेचं, तर विचारूच नका. रोख एजंटाच्या हातात दिली आणि त्याने स्वतःच्या खात्यातून भरली, तर ऑनलाइन परतावा त्याच खात्यात जातो. कोणी उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं) जोडून बयाण्याची माफी मागतात आणि तुमची रोख खिशात घालतात. निविदेत तशी सवलत लिहिलेली नसेल, तर तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागद तपासणीतच, तुम्ही बाद.

टोकन आजच परत आणा, पिन आणि पासवर्ड बदला. सही वापरली गेल्याचा संशय असेल तर नुसता पिन बदलून भागत नाही: सही देणाऱ्या संस्थेला कळवून सहीचं प्रमाणपत्र रद्द करा, नवीन घ्या, आणि आर्थिक (दरांचा) लिफाफा उघडायच्या आत निविदा मागवणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बयाणा स्वतःच्या खात्यातूनच भरा. फ्रीझ झाल्यावर निघणारी पावती, तिच्यावरचा बिड क्रमांक आणि वेळ, एजंटासमोर बसूनच छापून घ्या. मुदत संपायच्या तासभर आधी स्वतः लॉगिन करून निविदा जागेवर आहे ना तेही बघा.