आरडीचा चिमटा, १७,८०० रुपये आणि पाइप लावून आवळलेला नट

राजदूत ३५० (यामाहा आरडी ३५० वरून बनलेली, म्हणून 'आरडी') किंवा कुठलीही जुनी गाडी चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या झिजणाऱ्या नळ्या, बदलायला देणार असाल, तर आधी हे वाचा. माझे १७,८०० रुपये तर गेलेच, शिवाय गाडीचा ओरिजिनल चिमटाही गेला. पैशांपेक्षा चिमट्याची चीड जास्त आहे. एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८३ ते १९८९ एवढीच वर्षे काढली. पैसे पुन्हा मिळवता येतात, त्या काळचा सरळ, न वेल्डिंग केलेला चिमटा मिळवायला लोक वर्षानुवर्षे फिरतात. ज्याच्याकडे काम दिले त्या माणसाला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

गाडी एचटी (हाय टॉर्क) मॉडेल आहे, वडिलांनी घेतलेली. वळणावर मागचे चाक हलल्यासारखे वाटायला लागले. मेन स्टँडवर लावून, दोन्ही शॉकअप खालून सोडून चिमटा डावीकडे-उजवीकडे हलवला, तर प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, हाताला स्पष्ट लागत होता. व्हील बेअरिंगचा प्ले नाही याची खात्री मी आधीच केली होती. चिमट्याच्या सांध्यावर बोट ठेवले की कळते, हलते आहे ते चाक की चिमटा. मुद्दाम सांगतो, कारण 'तुला काही माहीत नव्हते म्हणून फसलास' हे मी घरच्यांकडून पुरेसे ऐकले आहे.

पुण्याजवळ जुन्या गाड्यांचे 'रिस्टोरेशन' करणारा एक जण आहे. फोटो झकास, बोलणे त्याहून झकास. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. त्याने सांगितलेले सगळे बरोबर होते, आणि म्हणूनच विश्वास बसला. आरडीचे कंपनीचे बुश प्लास्टिकसारख्या मटेरियलचे असतात, त्याऐवजी फॉस्फर ब्रॉन्झ घालायचे. बुशच्या आतली स्लीव्ह (पोलादी नळी) हार्डन करून ग्राइंड केलेली हवी. बुश प्रेस केला की त्याचे भोक किंचित आवळते, म्हणून बसवल्यावर दोन्ही बाजू एका लाइनीत रीमर (भोक मापात आणायचे हत्यार) मारून घ्यायच्या. बाजूचा प्ले शिमने (पातळ चकतीने) काढायचा. नीडल बेअरिंगही (बारीक रोलरचे) बसवून देतो म्हणाला. मी नको म्हटले. चिमटा पूर्ण फिरत नाही, थोड्याशा कोनात पुढे-मागे होतो. रोलर त्याच त्याच जागी दाबत राहतात आणि स्लीव्ह पुरेशी कडक नसेल तर तिच्यावर खळगे पडतात. 'साहेब, तुम्हाला कळतंय,' असे तो म्हणाला. ग्राहकाला हेच ऐकायचे असते, हे त्याला माहीत होते.

हिशेब असा. बुश आणि स्लीव्हचा सेट ६,८०० रुपये, लेथ आणि मजुरी ४,५०० रुपये, पावडर कोटिंग २,२०० रुपये. एकूण १३,५००. त्यातले ८,००० ॲडव्हान्स, यूपीआयने. पैसे गेले ते दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर. 'भावाचा नंबर आहे' म्हणाला. मग फोन आला, शाफ्ट (स्लीव्हमधून जाणारा दांडा) खराब आहे, नवीन बनवावा लागेल, ३,४०० रुपये. टेम्पोचे ९००. गाडी घेताना उरलेले ९,८०० दिले. बिल म्हणजे वहीच्या कागदावर 'मागील काम' एवढेच. पक्के बिल मागितले तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला. तिथेच उठायला हवे होते, पण गाडी त्याच्या ताब्यात, ॲडव्हान्स त्याच्या खात्यात. अशा वेळी कुणीही बाकीचे पैसे देतो.

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही. गाडी देताना त्याने माझ्यासमोर मागचे चाक धरून हलवले आणि म्हणाला, 'बघा, झिरो प्ले.' शॉकअप जोडलेले होते. जोडलेल्या शॉकअपवर चिमट्याचा प्ले नीट कळत नाही, हे मला माहीत होते, मी स्वतः घरी ते सोडूनच तपासले होते! आणि तेवढ्यात त्याच्या पोराने पान्याला हातभर पाइप लावून शाफ्टचा नट आणखी आवळला. मी उभा राहून बघत होतो. मी सीट दाबली. मागचा भाग खाली गेला, करकरला आणि जडपणे वर आला. 'नवीन बुश आहेत, बसतील,' तो म्हणाला. मी मान डोलावली.

ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांना कळले असेल. नट आवळला की फ्रेमच्या दोन कानांमध्ये (चिमटा दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये) आवळली जायला हवी ती आतली स्लीव्ह. चिमटा त्या स्लीव्हवर मोकळा फिरायला हवा, नट कितीही घट्ट असला तरी. नट आवळल्यावर चिमटा जड होत असेल, तर स्लीव्ह आखूड आहे आणि कान थेट चिमट्याला दाबताहेत. प्ले गेलेला नसतो, दाबून लपवलेला असतो. थोडे अंतर चालले की दाबलेल्या कडा झिजतात आणि प्ले पहिल्यापेक्षा जास्त होऊन परत येतो. माझा परत आला तो कराडच्या पुढे हायवेवर, सत्तरच्या स्पीडला, शेजारून ट्रक जात असताना. गाडी मागून अशी डोलायला लागली की थ्रॉटल सोडून हँडल धरून बसण्याशिवाय काही करता आले नाही. मागे बायको होती. हा नुसता पैशांचा विषय नाही, हे पोलिसांनाही सांगून बघितले.

कोल्हापुरात उद्यमनगरला एका वयस्कर टर्नरकडे गाडी उघडली. ग्रीस गन निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) लावली, दाबली, ग्रीस तिथूनच उलटे बाहेर आले. बुश काढला तर निपलच्या भोकासमोर बुशला भोकच नव्हते. ग्रीस आत जायला वाटच ठेवलेली नव्हती. बुश पिवळाधमक, साधे पितळ. ब्रॉन्झ कापल्यावर लालसर दिसतो. ६,८०० रुपयांच्या 'हार्डन' स्लीव्हवर त्यांनी कानस फिरवली. हार्ड पोलादावरून कानस घसरते, इथे ती सरळ खात गेली. नवीन म्हणून ३,४०० घेतलेला शाफ्ट माझाच जुना, पॉलिशपेपर मारलेला.

मग त्यांनी सांध्याजवळचे पावडर कोटिंग खरवडले. खाली वेल्डिंगचा गोल वळ, त्यावर पुट्टी. मधली नळी कापून दुसरी जोडलेली, तीही काटकोनात नाही. माझ्या चिमट्याला कधी वेल्डिंग झालेले नव्हते. म्हणजे हा माझा नव्हताच. २,२०० रुपयांचे कोटिंग कशासाठी होते ते तेव्हा कळले. काम चालू असताना त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो पुन्हा काढून बघितले. त्यातल्या चिमट्यावर चेन घासल्याची खूण नाही. माझ्या चिमट्यावर होती, वडिलांच्या वेळची. फोटो मी तेव्हाही बघितला होता, पण बघितला तो बुशवर लावलेला व्हर्नियर.

जुने सुटे भाग मागितले, तर 'भंगारात गेले'. नंतर फोन उचलणे बंद, मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, 'गाडी मिळाली ना?' मिळाली. 'मग फसवणूक कसली?' चिमटा बदलला म्हटले तर समोरच्या हवालदारांना वाटले स्वयंपाकघरातल्या चिमट्याबद्दल बोलतोय. चित्र काढून दाखवले. मग म्हणे काम तिकडे झाले, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे हे दिवाणी आहे, कोर्टात जा. वस्तू विश्वासाने ताब्यात दिली आणि त्याने ती स्वतःकडे ठेवली, तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ आहे, फसवणुकीला ३१८ आहे. कलमे वाचून गेलो होतो, तर 'तुम्ही वकील आहात का?' असे विचारले गेले. हद्दीचे कारणही खोटे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. नाहीच घेतली तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी ती पाठवली, रजिस्टर्ड पोस्टाने, पोच जपून ठेवली आहे. उत्तर नाही. बँकेने एका ओळीत कळवले की व्यवहार तुम्ही स्वतः केला आहे. ज्याच्या नावावर पैसे गेले तो कोण, हेही सांगणार नाहीत. सामान्य माणसाने नक्की कुणाकडे जायचे? ज्याने फसवले त्याच्याकडे चहा तरी मिळाला होता, या सगळ्यांकडे बसायला खुर्चीही मिळाली नाही.

ग्राहक आयोगाची वाट मात्र धरा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) आधी विचारून घ्या. चॅट आणि यूपीआयच्या नोंदी डिलीट करू नका; प्रिंट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे) प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, ते मला उशिरा कळले.

आणि गाडी देण्याआधी चिमट्यावर, शाफ्टच्या टोकावर, फ्रेमच्या कानाजवळ पंचने खूण करा, तारखेसह फोटो घ्या. जुने भाग परत हवेत हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. कोटिंग त्याच माणसाकडून करून घेऊ नका. बुश प्रेस झाल्यावर, कोटिंगच्या आधी, स्वतः जाऊन बघा. जमत नसेल तर काम देऊ नका. गाडी घेताना शॉकअप सोडायला लावा. नट पूर्ण आवळलेला असताना चिमटा हाताने वर-खाली सहज गेला पाहिजे आणि आडवा अजिबात हलता कामा नये. ग्रीस गन सोबत न्या. दोन्ही टोकांनी ताजे ग्रीस बाहेर आलेले डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. कुणाला राग आला तर येऊ द्या.

दुसरा वापरलेला पण सरळ चिमटा ४,५०० ला मिळाला, लेथचे काम ५,६५० ला झाले. म्हणजे एकूण २७,९५०.

माझा चिमटा कुठेतरी विकला गेला असणार किंवा विकायला येईल. चेनच्या बाजूच्या नळीवर, सांध्यापासून चार बोटे मागे, बोटभर लांब घासल्याची खाच आहे, आणि आतल्या बाजूला त्याच जागी कंपनीच्या काळ्या रंगाखाली छोटा पोचा आहे. असा आरडीचा चिमटा कुणी दाखवला तर घेऊ नका, विकणाऱ्याचा नंबर आणि फोटो मला कळवा.