हाडसांधीच्या कॅप्सूल: आईच्या मनगटासाठी दोन महिने घेतल्या

जूनमध्ये आई बाथरूमच्या दारात घसरली, हात टेकला आणि उजवं मनगटच मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मावशीचा लगेच फोन, कांडवेल दे गं तिला, हाड पटकन सांधतं. म्हणून आयुर्वेदिक दुकानातून हाडसांधीच्या, म्हणजे कांडवेलीच्याच, अर्काच्या कॅप्सूल आणल्या, 60 ची डबी 340 रुपये, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एकेक. अशा दोन डब्या संपवल्या.

घ्यायला एकदम सोप्या, पोटाला काही त्रास नाही. नाहीतर कच्ची कांडवेल तोंडात घालून बघा, घसा असा खाजतो की विचारू नका, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात. आमच्या शेजारच्या तमिळ काकू तिची चटणी करतात, पिरंडै म्हणतात तिला. हाताला तेल चोपडून कोवळी कांडी घ्यायची, चारही धारांच्या शिरा काढायच्या, तेलात चांगली परतायची आणि चिंच घालायचीच, त्याशिवाय खाज मरत नाही. त्यांनी वाटीभर आणून दिली तर आईने दोन दिवसांत भाताबरोबर संपवली.

फरक पडला का? सूज लवकर उतरली असं आई म्हणते. एक्स-रेत हाड सहा आठवड्यांनी जुळलेलं दिसलं, पण डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तेवढेच सांगितले होते, मग श्रेय कॅप्सूलला कसं देऊ? बनारस हिंदू विद्यापीठात उडुपा आणि प्रसाद यांनी 1960 च्या दशकात प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवर या वेलीचे प्रयोग केलेत आणि हाड लवकर भरताना दिसलं, त्यामुळे मावशीचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. पण माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत. आणि डबीवर नुसतं अर्क 500 मिग्रॅ, किती वेलीचा किती अर्क ते कुठेच नाही. पाचपैकी तीन स्टार.

राग आला तो दुकानदाराचा. माझ्यासोबत 19 वर्षांचा भाचा होता, त्याला बघून लगेच "हाडं वाढवणारी" पावडर काढली, तीन महिन्यांत उंची वाढेल म्हणे! अहो, मोडलेलं हाड जुळणं वेगळं आणि हाड लांब होणं वेगळं, टोकाकडच्या वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या की कुठल्याच पाल्याने उंची वाढत नाही. असल्या जाहिरातींवर बंदी घालणारा 1954 चा कायदा आहे, त्याच्या यादीत उंचीसुद्धा आहे. पोरं बिचारी खाऊचे पैसे घालवतात.

आणि पन्नाशीपुढच्या बाईचं मनगट नुसतं पडून मोडलं तर आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करा, प्लीज. आईचा टी-स्कोअर (त्या तपासणीतला घनतेचा आकडा) वजा 2.8 आला, वजा 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्याचं औषध आता वेगळं चालू आहे. डबी डॉक्टरांना दाखवली होती, बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून.

तिसरी डबी नाही आणली. काकूंकडून दोन कांडी आणून कुंडीत लावलीत, एकीला पान फुटलंय.