मागचे ब्रेक पॅड, न वापरलेलं टूल आणि रंगवलेला कॅलिपर: नागपुरातला फसवणुकीचा अनुभव

हाताने ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलल्यावर बिलात 'इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक रिसेट' अशी ओळ दिसली, तर ती सरळसरळ खोटी आहे. तो रिसेट बटणाच्या हँडब्रेकचा असतो. हाताच्या हँडब्रेकला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून रिसेट करण्यासारखं काही नसतंच. आमच्या बिलात ती ओळ होती, १,८०० रुपयांची. तिच्या वर 'पिस्टन रिवाइंड स्पेशल टूल चार्ज' म्हणून १,५०० रुपये लावले होते, आणि ते टूल आमच्या गाडीला लावलंच नाही. पैसे गेले याचं वाईट वाटतंच. पण खरा संताप याचा आहे की टूल न लावता त्यांनी जे केलं त्यामुळे गाडी चालवायला धोकादायक झाली, आणि त्याच गाडीतून मी आईबाबांना समृद्धीवरून शिर्डीला नेणार होते. त्या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे.

गाडी बाबांची, २०१० सालची होंडा सिव्हिक. चारही चाकांना डिस्क, म्हणजे पॅड ज्यांना आवळतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, आहेत. मागच्या डाव्या चाकातून चिरचिर आवाज यायला लागला, म्हणजे पॅड संपत आले. पॅडला एक पत्र्याची पट्टी असते, ती पॅड झिजल्यावर डिस्कला घासून ओरडते. मुद्दाम केलेली सोय आहे ती. आमचे नेहमीचे मिस्त्रीकाका तेव्हा गावाला गेले होते आणि प्रवास जवळ आला होता, म्हणून पश्चिम नागपुरातल्या एका मोठ्या मल्टिब्रँड गॅरेजात गाडी नेली. काचेचं ऑफिस, एसी, कॉफी, आणि वर्कशॉपच्या दारावर 'ग्राहकांना आत प्रवेश नाही' अशी पाटी.

पुढची लबाडी कळायला मागचे ब्रेक कसे चालतात ते थोडं सांगायला हवं. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा भाग, आणि त्याच्या आतला पिस्टन पॅडला रेटतो. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन साधा असतो. नवा, जाड पॅड बसवायचा तर पिस्टन क्लॅम्पने सरळ मागे दाबला की काम झालं. पण आमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असतो. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरच्या पाठीमागचा छोटा लिव्हर फिरवते आणि आतला स्क्रू पिस्टनला पुढे रेटतो. पॅड जसजसा झिजतो तसतसा तोच स्क्रू पिस्टनला पुढच्या आट्यावर आणून ठेवतो, म्हणून हँडब्रेक आपोआप ॲडजस्ट होत राहतो. म्हणजे हा पिस्टन आट्यांवर बसलेला असतो. बरणीचं झाकण नुसतं दाबून लागत नाही, फिरवावं लागतं, तसाच तो दाब देत फिरवूनच आत न्यावा लागतो. नुसता दाबला तर हलत नाही, आणि फार जोर केला तर आतली ॲडजस्टरची यंत्रणा खराब होते.

त्यासाठीच वाइंड-बॅक टूल असतं. आटे असलेली एक दांडी, कॅलिपरला टेकणारी एक पट्टी आणि पुढे दोन पिना असलेली चकती. पिना पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत बसवायच्या आणि फिरवत जायचं. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने फिरवतात, काही गाड्यांत एका बाजूचा पिस्टन उलटा फिरतो. फिरवताना तो बाहेर यायला लागला तर दिशा चुकली, इतकं ते सोपं आहे. आधी हँडब्रेक पूर्ण सोडलेला हवा आणि ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करून पातळी बघायला हवी, कारण पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं. सांडलं तर गाडीचा रंग खातं, लगेच भरपूर पाण्याने धुवावं लागतं. टूल काही दुर्मीळ नाही, फार महागही नाही. ज्याला ब्रेकचं काम करायचं आहे त्याच्याकडे ते असायलाच हवं.

संध्याकाळी गाडी मिळाली. बिल असं: पॅड ४,२००, टूल १,५००, रिसेट १,८००, लेबर १,२००, वर जीएसटी. जीएसटी लावला, पण बिलावर जीएसटी नंबर छापलेला नव्हता. मी रिसेटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, तर काउंटरवरचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आजकाल सगळ्याच गाड्यांना करावं लागते. नाही केलं तर वॉरंटी नाही देत आम्ही." जुने पॅड मागितले तर एका खोक्यात घालून दिले.

वर्धा रोडने घरी येईपर्यंत जळका वास यायला लागला. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर उजव्यापेक्षा कितीतरी जास्त धग. दुसऱ्या दिवशी सेमिनरी हिल्सच्या चढावर थांबले, हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला, तरी गाडी हळूहळू मागे सरकत गेली. म्हणजे एकीकडे ब्रेक सुटत नव्हता आणि दुसरीकडे हँडब्रेक धरत नव्हता.

नागपूरच्या उन्हाळ्यात अडकलेला ब्रेक किती घातक, हे इथे सांगायलाच हवं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, असं मानक आहे. ओलावा धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. सतत घासणारा पॅड डिस्क तापवतो, डिस्क कॅलिपरला तापवते, आणि आतलं ऑइल उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग ऐन वेळी पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. मे महिन्यात डांबर तापलेलं असताना, आई मागच्या सीटवर बसलेली असताना हे झालं असतं तर, हा विचार अजूनही डोक्यातून जात नाही.

गाडी परत त्याच गॅरेजात नेली. तिथे सूरच बदलला. "मॅडम, तुमचा कॅलिपर जुनाच जाम होता. गाडीचं वय पाहा ना. आमच्या कामाचा काही संबंध नाही." पॅड बदलायच्या आधी चाक कधी तापलं नव्हतं, हँडब्रेक व्यवस्थित धरत होता, हे मी सांगितलं. उत्तर तेच. आधी म्हणाले दोन्ही कॅलिपर बदला, मग म्हणाले निदान डावा तरी बदला, 'ओरिजिनल कंपनी पीस', ११,५०० रुपये. गाडी तशी चालवणं शक्य नव्हतं, म्हणून बदलून घेतला. जुना कॅलिपर मात्र अडून बसून ताब्यात घेतला. नव्याचं खोकं दाखवा म्हटलं, तर "ते कचऱ्यात गेलं".

तरीही हँडब्रेक नीट धरेना. तोवर मिस्त्रीकाका परतले होते. घाट रोडच्या बाजूला त्यांचं दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, दोन्ही मागची चाकं काढली आणि मला जवळ बोलावलं.

आधी उजवा कॅलिपर, जो अजून मूळचाच होता. त्यांनी तो सोडवून पिस्टनचं तोंड कापडाने पुसलं. पिस्टनवर अधिकच्या चिन्हासारख्या खाचा असतात. खाचांच्या आत जुनी काळी घाण जशीच्या तशी होती, आणि काठावर मात्र चंद्रकोरीसारखी चकचकीत ठेच उमटली होती. धुळीपासून वाचवणारा रबरी बूट एका बाजूला चुरगळून फाटला होता. "हे पाहा ताई," काका म्हणाले, "टूल लावलं असतं त या खाचेत पिनांचे ओरखडे दिसले असते. खाच तशीच हाये. यानं क्लॅम्प लावून दाबूनच घातला जी. आतला स्क्रू मारला त्यानं."

मग त्यांनी आतला पॅड हातात दिला. सिव्हिकच्या मागच्या आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटं बोंड असतं, ते पिस्टनच्या खाचेत बसावं लागतं. म्हणून पिस्टन नुसता आत नेऊन भागत नाही, शेवटी खाच बरोबर जागेवर येईल इतका फिरवून सोडावा लागतो. इथे पिस्टन फिरवलाच नव्हता, त्यामुळे बोंड खाचेत न बसता उंच भागावर टेकलं होतं आणि पॅड तिरपा बसला होता. इतक्या कमी वापरातही त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट पातळ झालं होतं.

डावीकडचा 'ओरिजिनल नवा पीस' तर त्याहून वाईट निघाला. त्यावर चंदेरी रंगाचा स्प्रे मारलेला होता, आणि रंग रबरी बुटावर, ब्लीडिंग निपलवर (ब्रेक ऑइलमधली हवा काढायची तोटी), अगदी निपलच्या तोंडावरसुद्धा उडालेला होता. नव्या कॅलिपरच्या रबरावर कोण रंग मारेल? काकांनी स्क्रू ड्रायव्हरने थोडा रंग खरवडला, खाली गंज. भंगारातला कॅलिपर रंगवून आम्हाला ११,५०० रुपयांना विकला होता. त्यांनी दिलेलं जुन्या पॅडचं खोकंही मी सोबत नेलं होतं. काकांनी ते पॅड आमच्या कॅलिपरला लावून दाखवले, आकाराला मोठे आणि पाठीवर बोंडही नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे पॅड आमचे म्हणून दिले होते.

मी बाबांना घेऊन त्या गॅरेजात गेले. एकच विनंती केली, ज्या टूलचे १,५०० घेतले ते दाखवा. मॅनेजर म्हणाला, टूल दुसऱ्या ब्रँचला गेलं आहे. मग कॅलिपर जिथून आणला त्या दुकानाचं बिल दाखवा म्हटलं. "ते आम्ही कस्टमरले देत नाही." बाबांनी शांतपणे विचारलं, "हाताने ओढायचा हँडब्रेक आहे, त्याला कोणतं इलेक्ट्रॉनिक रिसेट केलंत?" यावर त्यांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं. निवृत्त माणूस, आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांना असं बाहेर काढलेलं मला विसरता येत नाही.

ज्यांच्या गाडीला मागे डिस्क आहे त्यांच्यासाठी कामाचं सांगते. हँडब्रेक हाताचा आहे की बटणाचा, हे आधी स्वतः बघा. बटणाचा असेल तर बहुतेक गाड्यांत स्कॅनरने सर्व्हिस मोड लावून ब्रेक आवळणारी मोटर मागे घ्यावी लागते, तिथे तो खर्च रास्त आहे. हाताचा असेल आणि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर गाडी देण्याआधीच विचारा, "पिस्टन फिरवून आत नेणार की दाबून?" आणि टूल डोळ्यांनी बघा. आत येऊ देत नसतील तर चाक काढल्यावर आणि पॅड बसवल्यावर व्हिडिओ पाठवायला सांगा. जुन्या पॅडचे फोटो गाडीवर असतानाच काढून घ्या. काम झाल्यावर पेडल कडक होईपर्यंत पंप केल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका, कारण पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिला ब्रेक लागतच नाही. मग थोडं चालवून दोन्ही मागच्या चाकांची धग सारखी आहे का ते बघा, रिमला थेट हात न लावता, आणि चढावर हँडब्रेक ओढून बघा. कॅलिपर बदलायचा म्हणाले तर खोकं, पार्ट नंबर आणि खरेदीचं बिल समोर आल्याशिवाय होकार देऊ नका.

गाडी शेवटी मिस्त्रीकाकांनीच उभी केली. दोन्ही मागचे कॅलिपर नवे, बिलासकट, आमच्यासमोर खोकं फोडून. नवे पॅड, ताजं डॉट ४, चारही चाकांचं ब्लीडिंग. टूलचे वेगळे पैसे घेतले नाहीत. "ते काय मी तुमच्यासाठी नवीन घेऊन राहिलो काय?" म्हणाले.

तक्रारीचंही सांगते, कारण 'आता कुठे त्यांच्या नादी लागायचं' असं खूप जणांनी आम्हाला सुचवलं. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. घटनेपासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आम्ही आधी तिथे तक्रार नोंदवली, मग गॅरेजला स्पीड पोस्टने नोटीस पाठवली. नोटिशीसोबत बिलाची प्रत, कॅलिपर आणि पॅडचे फोटो आणि काकांनी सही करून दिलेला तपासणीचा कागद जोडला.

नोटीस पोचल्यावर गॅरेजातून फोन आला. टूल आणि रिसेटचे मिळून ३,३०० रुपये परत करतो, पण 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं लिहून द्या. कॅलिपरच्या पैशांबद्दल अवाक्षर नाही. बाबांनी लिहून द्यायला नकार दिला. आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. दोन्ही जुने कॅलिपर, रंगवलेला 'नवा पीस' आणि ते परक्या गाडीचे पॅड पुरावा म्हणून घरी ठेवले आहेत. तुमच्याकडे याच दोन ओळी असलेलं बिल असेल, तर ते आणि काढलेले पार्ट फेकू नका.