मुख्यालय नवं बांधायचं, की तयार इमारत घ्यायची?

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या सभेत नव्या मुख्यालयाचा विषय येतो, तेव्हा सगळी चर्चा रकमेवर होते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती रक्कम मंजुरीनंतर किती वाढू शकते. पैसा करदात्यांचा आहे आणि काम अर्ध्यावर आलं की नाही म्हणायची सोय उरत नाही.

नव्या बांधकामातला धोका पाहायचा तर एडिनबरा पाहा. स्कॉटलंडच्या संसद भवनासाठी १९९७ मध्ये १ ते ४ कोटी पौंडांचा अंदाज सांगितला होता. इमारत तीन वर्षं उशिरा, २००४ मध्ये उघडली आणि खर्च गेला ४१.४ कोटींवर. शहरात रॉयल हायस्कूलची जुनी वास्तू उपलब्ध होती, ती नाकारली गेली. नंतरच्या चौकशीत कंत्राटाच्या पद्धतीवरच बोट ठेवलं गेलं: आराखडा पक्का व्हायच्या आत काम सुरू झालं, क्षेत्रफळ वाढत गेलं आणि वाढीव खर्चाचा भार कंत्राटदारांवर न पडता सरकारवर पडला. आपल्याकडे हेच ‘सुप्रमा’च्या, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या वाटेनं होतं.

पण नवं बांधकाम म्हणजे उधळपट्टीच, असंही नाही. सीएसएमटीसमोरच्या मुंबई महापालिका मुख्यालयाच्या फलकावर दोन आकडे आहेत: मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये, प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९. १८९३ मध्ये पूर्ण झालेलं हे काम ६८,११३ रुपये वाचवून झालं आणि तसं लिहूनही ठेवलं गेलं. आजच्या किती सरकारी इमारतींवर असा फलक लावता येईल?

तयार इमारतीचं मोठं उदाहरण नरिमन पॉइंटला आहे. एअर इंडियाची २३ मजली इमारत राज्य सरकारला १,६०१ कोटींना देण्यास केंद्रानं मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. क्षेत्रफळ ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२ हजार रुपये चौरस फूट. इथे किंमत आधीच ठरते आणि जागा डोळ्यांसमोर असते, हा फायदा खरा आहे. मात्र राज्यानं अनर्जित रक्कम (भाडेपट्ट्याची जमीन हस्तांतरित होताना वाढलेल्या किमतीतला सरकारचा वाटा) आणि व्याजापोटी येणं असलेले सुमारे २९८ कोटीही सोडून दिले. ते धरले तर दर ३८ हजारांच्या आसपास जातो. त्यात जमीन मुळात राज्याचीच, भाडेपट्ट्यानं दिलेली. जुन्या इमारतीची डागडुजी, वायरिंग, अग्निसुरक्षा हा खर्च वेगळाच; २०१२ ची मंत्रालयाची आग पाहिलेल्या राज्यात तो टाळता येणार नाही.

तिसरा मार्ग, आहे तीच इमारत दुरुस्त करण्याचा. स्ट्रक्चरल ऑडिट अनुकूल असेल तर मी आधी त्याच बाजूनं उभा राहीन. ऑडिट प्रतिकूल आलं आणि कार्यालयं भाड्याच्या जागांत विखुरलेली असली, तर तयार इमारत. पण माफ केलेली येणी आणि दुरुस्ती धरून पूर्ण किंमत सभेपुढे आल्यावरच. नव्या बांधकामाला मत द्यायचं झालं तर दोन अटी ठरावातच घालून घ्या: अंतिम नकाशे मंजूर झाल्याशिवाय कार्यादेश नाही, आणि सुप्रमा लागलीच तर ती कारणांसह पुन्हा सभेपुढे. प्रशासन या अटींना तयार नसेल, तर विरोधात मत द्या आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.