धरमपेठेतला पक्षी-ओळख वर्ग: शिकवणं अव्वल, कूलर बेकार

मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी पाचला वर्ग भरवायचा म्हणजे हिंमतच पाहिजे. हॉल वरच्या मजल्यावर, कूलर एकच, आणि तो लावला की मागच्या रांगेला सर काय बोलतात ते कळत नाही. पुढे बसा.

आता शिकवण्याचं. बाकी ठिकाणी धनेश, स्वर्गीय नर्तक असले देखणे पक्षी दाखवून टाळ्या घेतात. इथे सरांनी अख्खा तास ‘सिलेमचा फिंच’ या एका मातकट पाखरावर घातला. आधी नाव झाकून फोटो दाखवला आणि म्हणाले, गट ओळखा. पिवळट-तपकिरी डोकं, अंगावर रंग म्हणून काही नाही. सगळा हॉल म्हणाला, माउंटन फिंच (उंच डोंगरातली दाणे टिपणारी छोटी पाखरं). संग्रहालयवालेही तेच समजले होते! डच पक्षी-अभ्यासक सिलेम यांनी १९२९ च्या सप्टेंबरात डच काराकोरम मोहिमेत, अक्साई चीनच्या बाजूला ५१२५ मीटरवर, एक प्रौढ नर आणि एक पिल्लू मिळवलं. दोन्ही नमुने ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात ब्रँड्टचा माउंटन फिंच म्हणून पडून राहिले. ही जात निराळी आहे हे १९९२ मध्ये पक्षी-अभ्यासक रोसेलार यांनी मांडलं, पण गट तोच, ल्युकोस्टिक्टे, म्हणजे माउंटन फिंचांचा. मग २०१२ मध्ये पक्षीनिरीक्षक यान मुझिका यांना हजार किलोमीटरहून दूर, चीनच्या चिंगहाय प्रांतात जिवंत पक्ष्याचे फोटो मिळाले. २०१६ मध्ये डीएनए तपासला तर हा निघाला रोजफिंच, म्हणजे कार्पोडॅकस गटातला! सगळ्यांत जवळचा नातलग तिबेटी रोजफिंच, ज्याचा नर चांगला लालगुलाबी असतो.

"मग याच्यात गुलाबी कुठं आहे सर?" शेजारच्या काकूंनी विचारलंच. सर म्हणाले, नुसता रंग पाहून नातं ठरवलं की असं होतं, उत्क्रांतीत रंग लवकर बदलतो. तेवढ्यावर न थांबता त्यांनी दोन्ही गटांच्या वंशावळी फळ्यावर काढल्या. एवढं समजावून सांगणारा माणूस मी तरी नागपुरात पाहिला नाही.

खटकलं ते हे, की वाटलेल्या झेरॉक्समध्ये अजून ल्युकोस्टिक्टेच छापलंय. सहाशे रुपये फी घेता तर कार्पोडॅकस लिहून नवी प्रत काढा ना राजेहो.

रविवारी अंबाझरी तलावाची फेरी फीमध्येच आहे, पण दुर्बीण आपली आपण न्यायची. पार्किंग खाली नाही, गाडी गल्लीत लावावी लागते.